बुआफान उत्तरं देते

त्या चटईवर बस, ती कोरडी आहे.
खोन केनहून आलीस म्हणजे पहाटेचीच निघाली असशील.
टॅबलेट सावलीत धर,
मागच्या मुलीलाही उन्हात अक्षरं दिसत नव्हती.

औषधांचा खर्च?
औषधं कार्डावर झाली, तीस बाटच्या सरकारी कार्डावर.
तिथे शून्य लिही.
गाडीचं लिही: जाऊन-येऊन चारशे,
आणि तो आडवा पडून जायला लागला तेव्हापासून सातशे,
कारण अख्खा बाक लागायचा
आणि समोरचे लोक पुढच्या फाट्यावरच उतरायचे,
त्याचे पिवळे डोळे बघून.
हे शेवटचं नको लिहूस.

पित्ताच्या वाटेत घातलेली नळी तीनदा तुंबली.
म्हणजे माझे सोळा दिवस,
दवाखान्याच्या जिन्याखाली,
चिकट भाताची टोपली उशाला घेऊन.
माझ्या दिवसाची मजुरी किती धरू, म्हणतेस?
मला कोणी कधी मजुरी दिली नाही गं.
शेत आमचंच.
तू धर काहीतरी.

लोखंडी रेडा विकला.
हसलीस ना? आम्ही त्याला तेच म्हणतो,
दोन चाकांचं, मागून चालत हाकायचं नांगरयंत्र.
खामसिंगनं त्याच्या दांड्याला लाल फडकं बांधलं होतं.
गिऱ्हाईक आलं तेव्हा अंथरुणातूनच म्हणाला,
फडकं सोडून घे.
बावीस हजार.
फडकं आहे माझ्याकडे.

राट्री रायोंगला होती, टायरच्या कारखान्यात.
नोकरी सोडून आली.
नऊ महिन्यांचा पगार, तो तिलाच विचार.
तिकडे एक मुलगा होता.
त्यानं वाट बघितली, दोन महिने.
त्याला रकाना आहे का तुझ्याकडे?

मासे? मासे कुठून आणणार!
खाचरातून, तळ्यातून, बोटाएवढे, चांदीसारखे.
त्यांचा कधी एक बाट मोजला नाही.
बारीक चिरायचे. लिंबू, तिखट,
भाजल्या तांदळाची पूड, असल्या तर लाल मुंग्या.
लिंबानं मांस पांढरं पडतं,
आम्हाला वाटायचं, शिजलं.
चिरायची मी.
मीठ बघायला जिभेवर ठेवायची, तीही मीच.
वर्षाला गोळ्या वाटून जायचे, चक्कर यायची त्यानं.
तो मुकाट गिळायचा
आणि त्याच आठवड्यात लिंबं तोडायला निघायचा:
गोळी घेतलीय की आता.

अंत्यविधी तीन रात्री चालला.
भिक्खू, मंडप, बर्फ, दारू, दीडशे माणसांचं जेवण.
लोकांनी पाकिटं दिली, ती वजा कर.
दुसऱ्या रात्री मंडपामागे त्याचे सोबती बसले होते,
मध्ये वाडगं.
अंधारात मला लिंबाचा वास आला.
मी काही बोलले नाही.
वाडगं उचललं, चुलीवरच्या कढईत उपडं केलं.
कुणी रागावलं नाही.
थौंगदी तेवढा रडला,
आणि मग पहिला घास त्यानंच खाल्ला, फुंकून फुंकून.

ही डबी माझ्यासाठी?
ठेव तिथे, मिठाच्या बरणीशेजारी.
परवा देईन नमुना. नाही, परवा नाही,
लावणीला माणसं यायचीत.
लावणी झाल्यावर.
अशी बघू नकोस, देईन म्हटलं ना.

शेवटचा प्रश्न काय?
कच्चं खाता का अजून?
नाही.
नातू रोज संध्याकाळी बादलीभर मासे आणतो,
फुकटच आहेत ते अजून.
मी ते तळते.
आणि तेल आहे अठ्ठावन्न बाट बाटली,
आठवड्याला एक.
हे लिही.
हा खर्च आधी नव्हता.